हृदयगतिमापक: घोड्यांच्या एन्ड्युरन्स शर्यतीतील वापर

एन्ड्युरन्स रायडिंग म्हणजे घोड्यावरून एका दिवसात 160 किलोमीटरपर्यंत अंतर कापण्याची शर्यत, आणि या वाटचालीत घोड्याच्या हृदयाचे ठोके सतत मोजून स्वाराला दाखवणारे उपकरण म्हणजे हृदयगतिमापक किंवा हार्ट रेट मॉनिटर. आधुनिक रूपातील हा खेळ 1955 साली कॅलिफोर्नियात सुरू झाला. वेंडेल रॉबी आणि त्यांच्या सोबत्यांनी टाहो सरोवराच्या परिसरातून ऑबर्नपर्यंतचे 100 मैल 24 तासांच्या आत घोड्यांवरून पार केले आणि त्यातूनच टेव्हिस कप ही वार्षिक शर्यत उभी राहिली. नुसते लवकर पोहोचणे या खेळात पुरत नाही. घोडा अजून पुढे जाण्याच्या स्थितीत आहे, असे पशुवैद्यकाने ठरवले तरच शर्यत पूर्ण झाली असे धरतात. घोडा मात्र थकवा सहजासहजी दाखवत नाही, सोबतचे घोडे पुढे निघाले की दमलेला घोडाही ओढ घेतो, म्हणून स्वाराला त्याच्या नाडीचा आधार लागतो.

विश्रांतीत घोड्याचे हृदय मिनिटाला साधारण 30 ते 40 वेळा धडधडते, दुडक्या चालीत ते बहुधा 110 ते 150 पर्यंत जाते आणि भरधाव धावताना 220 ते 240 ही कमाल मर्यादा गाठू शकते. ठोके 200 च्या जवळ गेले की स्नायूंत लॅक्टेट (जोरदार श्रमात तयार होणारे रसायन) झपाट्याने साठू लागते, त्यामुळे लांब पल्ल्याचा स्वार घोड्याला बराच काळ 150 च्या आसपास किंवा त्याखाली ठेवू पाहतो. चढावर आकडा वाढला की तो वेग कमी करतो. नेहमीच्याच वाटेवर आणि नेहमीच्याच वेगात ठोके 10-15 ने जास्त दिसले, तर उष्णता, शरीरातील पाणी कमी होणे किंवा पायाचे दुखणे यांपैकी काहीतरी असल्याची शंका घ्यावी लागते.

उपकरणाची रचना साधी आहे. एक विद्युत्-अग्र (इलेक्ट्रोड) खोगिराखाली खांद्याच्या उंचवट्याजवळ आणि दुसरे डाव्या कोपरामागे तंगाखाली, म्हणजे खोगीर बांधण्याच्या पट्ट्याखाली बसवतात. हृदयाचा विद्युत् संकेत प्रेषकाकडून स्वाराच्या मनगटी घड्याळात येतो. केस कोरडे असले तर संकेत तुटतो, म्हणून आधी त्या जागा पाण्याने किंवा जेलने चिंब कराव्या लागतात. एकदा घाम सुटला की तो प्रश्न आपोआप मिटतो. घोड्याच्या हृदय-आलेखात (ईसीजी) प्रत्येक ठोक्याच्या शेवटी येणारा टी तरंग मोठा असल्याने काही वेळा उपकरण एकच ठोका दोनदा मोजते, आणि विश्रांतीतील 36 चे 72 दिसतात. उलट, कसलेल्या घोड्याचे हृदय स्वस्थ उभे असताना मधूनच एखादा ठोका चुकवते. तो बहुधा आजार नसतो. व्यायाम सुरू होताच ते चुकणे थांबते.

मापकाचा खरा कस तपासणी नाक्यावर, म्हणजे व्हेट गेटवर लागतो. आंतरराष्ट्रीय शर्यतीत ठोके ठरावीक मिनिटांत 64 किंवा त्याखाली यावे लागतात, आणि घोडा तपासणीला उभा केला जाईपर्यंत शर्यतीचे घड्याळ चालूच राहते. स्वार उतरतो, तंग सैल करतो, मदतनीस मानेवर पाणी ओततात, सगळ्यांचे डोळे आकड्यावर असतात: 84, 76, 70. तेवढ्यात शेजारचा घोडा खिंकाळतो, आकडा पुन्हा 80 वर जातो आणि वाट पाहणे नव्याने सुरू होते. घाईने पुढे गेलेला घोडा इथे मागे पडतो, हे या खेळातले मोठे शहाणपण म्हणावे लागेल.

आकडा 64 वर आला म्हणजे घोडा ताजा झाला, असे मात्र नाही. ‘कार्डियाक रिकव्हरी इंडेक्स’ या चाचणीत आधी ठोके मोजतात, घोड्याला दुडक्या चालीने थोडे अंतर जाऊ-येऊ देतात आणि चाल सुरू झाल्यापासून एका मिनिटाने ठोके पुन्हा मोजतात. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा त्याहून कमी असणे चांगले लक्षण. तो स्पष्टपणे वाढलेला असेल तर घोडा थकला आहे किंवा त्याला वेदना आहेत, अशी शंका घेतात. आतड्यांची हालचाल मंदावली आहे का, लघवी गडद झाली आहे का, हे कोणताही मापक सांगत नाही. त्यामुळे स्वाराच्या मनगटावर काहीही दिसत असले, तरी पशुवैद्यक आपला स्टेथोस्कोप आधी छातीला आणि मग कुशीला लावतो, आणि निकाल त्याच्याच मोजणीवर ठरतो.