देवीची टोचणी आणि अमेरिकेची संस्थापक घराणी

नोव्हेंबर १७३६ मध्ये फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन यांचा मुलगा फ्रान्सिस देवीच्या रोगाने गेला. वय अवघं चार वर्षं. गावात कुजबुज सुरू झाली की बापाने पोराला टोचून घेतलं आणि त्यातच पोर दगावलं. फ्रँकलिन स्वतः वृत्तपत्र चालवत होते. वर्ष सरायच्या आत त्यांनी आपल्याच पत्रात खुलासा छापला: मुलाला टोचलेलंच नव्हतं. तो जुलाबाने अशक्त झाला होता, तो सावरला की टोचायचं असं ठरलं होतं, पण त्याआधीच देवीने गाठलं. पोराचं दुःख ताजं असताना त्यांनी हे लिहिलं, कारण त्या अफवेमुळे दुसरे आईबाप टोचणीला घाबरले असते.

ही टोचणी म्हणजे आपल्या ओळखीची लस नव्हे. गाईच्या देवीपासून लस करायची युक्ती एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये करून पाहिली. त्याआधी टोचत ते माणसाच्या खऱ्या देवीतलंच द्रव्य. सौम्य आजार झालेल्या रोग्याच्या फोडातला पू घ्यायचा, निरोग्याच्या दंडावर नश्तराने बारीक चीर द्यायची आणि तो पू तिथे लावायचा. आजार व्हायचाच, पण बहुधा हलका. देवीचा विषाणू एरवी श्वासावाटे शिरतो आणि साधारण बारा दिवस काहीही लक्षण न दाखवता शरीरभर पसरतो. कातडीतून शिरला की तो आधी तिथेच वाढतो आणि शरीराच्या संरक्षणयंत्रणेला तयारीला वेळ मिळतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. एकदा त्यातून उठलेल्या माणसाला देवी पुन्हा सहसा होत नसे. धोका मात्र दुहेरी होता. टोचलेला माणूस स्वतः दगावू शकत होता, आणि बरा होईपर्यंत तो इतरांना खरीखुरी देवी देऊ शकत होता. म्हणूनच अनेक गावांनी टोचणीवर बंदी घातली होती.

अमेरिकेत ही विद्या रुजवण्यात ओनेसिमस या गुलामाचा मोठा वाटा आहे, आणि त्याचं नाव अजूनही फार कमी लोकांना ठाऊक आहे. तुम्हाला देवी आली होती का, असं बोस्टनचे धर्मोपदेशक कॉटन मॅथर यांनी त्याला विचारलं. त्याने आफ्रिकेतली आपल्या लोकांची टोचण्याची रीत सांगितली आणि दंडावरचा वण दाखवला. १७२१ मध्ये बोस्टनमध्ये साथ आली तेव्हा मॅथर यांनी वैद्यांना साद घातली. पुढे आले ते एकटे झॅबडिएल बॉइल्स्टन. त्यांनी सुरुवात केली ती स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलापासून, आणि घरातल्या एका गुलामापासून व त्याच्या लहानग्यापासून. गाव खवळलं. मॅथर यांच्या घरात हातबॉम्बही फेकला गेला. साथ ओसरल्यावर हिशेब झाला. सुमारे ११,००० वस्तीच्या गावात जवळजवळ ६,००० जणांना देवी आली आणि ८४४ जण गेले, म्हणजे शंभरी चौदा. बॉइल्स्टन यांनी टोचलेल्या अडीचशेच्या आसपास लोकांपैकी सहा गेले. शंभरी दोन ते तीन.

मला हा हिशेब फार मोलाचा वाटतो. जंतू, विषाणू यांतलं काहीच ठाऊक नसलेल्या काळात दोन गटांतले मृत्यू मोजून ताडून पाहिले गेले होते. त्याच वर्षी टोचणीविरुद्ध आग ओकणारं वृत्तपत्र काढलं होतं जेम्स फ्रँकलिन यांनी, आणि त्यांच्या छापखान्यात पंधरा वर्षांचा बेंजामिन उमेदवारी करत होता. पुढे तो टोचणीच्या बाजूचा झाला. मुलाच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी आत्मचरित्रात त्यांनी लिहिलं की त्याला टोचून न घेतल्याचा पश्चात्ताप अजून आहे. टोचल्यामुळे मूल गेलं तर स्वतःला कधी क्षमा करता येणार नाही, असं ज्या आईबापांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, असंही त्यांनी म्हटलं. पश्चात्ताप दोन्हीकडे सारखाच असतो, मग धोका कमी तो मार्ग घ्यावा.

जॉर्ज वॉशिंग्टन यांना देवी आपसूक आली. १७५१ मध्ये क्षयाने आजारी असलेल्या सावत्र भावाबरोबर ते बार्बाडोसला गेले होते. वय एकोणीस. तिथे देवीने जवळजवळ महिनाभर अंथरुणाला खिळवलं. त्यातून उठलेला हा माणूस पुढे ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकी सैन्याचा सेनापती झाला तेव्हा त्याला या रोगाचं भय नव्हतं, पण शिपायांचं काय? १७७५-७६ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या क्वेबेकपुढे अमेरिकी फौज देवीने पोखरली गेली. तिथले सेनापती जॉन थॉमस देवीनेच गेले. ब्रिटिश शिपायांना बहुतेक लहानपणीच देवी येऊन गेलेली असे, त्यामुळे हे संकट एकतर्फी होतं. फेब्रुवारी १७७७ मध्ये वॉशिंग्टन यांनी सैन्याला टोचायचा हुकूम काढला. शत्रूला सुगावा लागू न देता, तुकडी तुकडीने. स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या त्या देशाचा तो एक सर्वांत धाडसी लष्करी निर्णय होता, असं माझं मत आहे. घरात मात्र हाच माणूस जपून वागला होता. सावत्र मुलगा जॅकी याला १७७१ मध्ये बाल्टिमोरला टोचलं, तेव्हा तो बरा होईपर्यंत त्याची आई मार्था हिला कळू दिलं नव्हतं.

जॉन अ‍ॅडम्स हे बॉइल्स्टन यांच्या पुतणीचे चिरंजीव. त्यांनी लग्नाआधी, १७६४ मध्ये टोचून घेतलं होतं. त्या दिवसांत वाग्दत्त वधू अ‍ॅबिगेल हिला लिहिलेली पत्रं तिच्या हाती पडण्याआधी धुरी देऊन मग दिली जात.

बारा वर्षांनी पाळी आली अ‍ॅबिगेल यांची. जॉन फिलाडेल्फियात काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या धामधुमीत. जुलै १७७६ मध्ये बोस्टनने टोचणीला परवानगी दिली आणि अ‍ॅबिगेल चार मुलांना घेऊन काकांच्या घरी दाखल झाल्या. बहिणीचं कुटुंबही बरोबर होतं. दुधासाठी गाय गावाहून हाकत आणली होती, तबेल्यात वैरण भरली होती. टोचल्यावर आजार उठायची वाट पाहायची, इतकंच हाती होतं. त्याच मधल्या दिवसांत, १८ जुलैला, त्या गर्दीबरोबर रस्त्यावर गेल्या आणि सज्जातून वाचला जाणारा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ऐकून आल्या.

पुढचे आठवडे कठीण गेले. नऊ वर्षांचा जॉन क्विन्सी, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, सहज पार पडला. अकरा वर्षांच्या नॅबीच्या अंगावर हजाराहून अधिक फोड आले, हिरव्या वाटाण्याएवढे; पोरीला धड बसताही येईना. सहा वर्षांच्या चार्ल्सला तीनदा टोचलं तरी काही लागू पडेना. अखेर त्याला गावातल्या साथीतली देवी झाली, तापात दोन दिवस तो बरळत होता. टोचणीच्या द्रव्यात जिवंत विषाणू किती, हे मोजायचं साधनच नव्हतं. एकाला जास्त पोचे, दुसऱ्याला काहीच नाही. नवऱ्याला कळवून त्याचं उत्तर यायला लागणाऱ्या दिवसांत आजार इकडे किंवा तिकडे झालेला असे, त्यामुळे निर्णयाचा सारा भार त्या एकट्या बाईवर होता. चारही मुलं वाचली. सप्टेंबर उजाडल्यावर घर आवरून मंडळी परतली.

गाईच्या देवीची लस १८०० मध्ये बोस्टनजवळ पोचली. बेंजामिन वॉटरहाऊस या डॉक्टरांनी ती आधी आपल्या मुलाला टोचली आणि मग राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्याकडे पाठवली. दक्षिणेच्या उन्हाळ्यात ती वाटेतच निकामी होई. जेफरसन यांनी तोड सुचवली: लशीची कुपी पाण्याने भरलेल्या मोठ्या कुपीत ठेवा. लस थंड राखून नेण्याचा आजचा खटाटोप तेव्हाच सुरू झाला होता. ऑगस्ट १८०१ मध्ये त्यांनी व्हर्जिनियातल्या आपल्या मळ्यावर, मॉन्टिचेलोला, टोचायला सुरुवात केली. आपली, जावयांची आणि शेजाऱ्यांची माणसं धरून सुमारे २०० जणांना लस मिळाली. त्यांतले बरेचसे गुलाम होते. त्यांचा जीव देवीपासून राखला गेला हे खरं, पण नाही म्हणायची मुभा त्यांना नव्हती, आणि हेही या कथेत लिहिलं गेलंच पाहिजे.

अतिदूरच्या प्रवासात कुपीचाही भरवसा नसे, तेव्हा लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी जिवंत नेली जाई. तशीच ती बगदाद, बसऱ्यावरून मुंबईला आली. मॉन्टिचेलोनंतर दहा महिन्यांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. भारतात देवीची लस यशस्वीपणे मिळालेली ही पहिली व्यक्ती. तिच्या दंडावरच्या फोडातून लस घेऊन मुंबईतल्या आणखी मुलांना टोचलं, आणि तिथून ती पुण्याकडे, सुरतेकडे आणि मद्रासकडे निघाली.