टर्नटेबलच्या स्टँडची पार्श्वभूमी

आज हौशी मंडळी टर्नटेबलसाठी, म्हणजे तबकड्या वाजवण्याच्या यंत्रासाठी, घरीच हादरे रोखणारा स्टँड बनवताना प्लायचे थर, ग्रॅनाइटची लादी आणि स्प्रिंगा यांवर तासन्‌तास खल करतात. ग्रामोफोनच्या काळात मात्र त्याची फारशी गरज नव्हती. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद होती आणि तिच्यावर शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकणारी सुई किरकोळ धक्क्याने हलत नसे. १९४८ साली कोलंबिया कंपनीने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आणली, तेव्हा खाच बारीक झाली आणि सुईवरचा भारही उतरला. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना) पद्धतीत ध्वनिमुद्रणात दाबलेला खर्ज वाजवताना पुन्हा उचलला जातो, आणि त्याच्याबरोबर मोटारीची घरघरही उचलली जाते.

खरी अडचण स्टीरिओने आणली. मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, तबकडीत आवाज केवळ आडव्या हालचालीत असे, त्यामुळे जमिनीकडून येणारे उभे हादरे कार्ट्रिजला (सुईच्या हालचालीचे विद्युत संकेत करणाऱ्या भागाला) फारसे कळत नसत. १९५८ च्या सुमारास बाजारात आलेल्या स्टीरिओ तबकडीत खाचेच्या ४५ अंशांत कललेल्या दोन्ही भिंतींवर वेगवेगळा आवाज कोरलेला असल्याने उभी हालचालही आवाजात गणली जाऊ लागली.

यावर एडगर व्हिल्चर यांनी १९६१ साली ‘अकूस्टिक रिसर्च’ या कंपनीच्या टर्नटेबलमध्ये तोडगा काढला. तबकडीची थाळी आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) एकाच चौकटीवर बसवून ती चौकट त्यांनी तीन स्प्रिंगांवर तोलली, मोटार मात्र बाहेरच्या सांगाड्यावर ठेवून पट्ट्याने थाळीला जोडली. त्यामुळे पेटीला धक्का बसला तरी थाळी आणि सुई एकत्रच हलत. ५८ डॉलरचे हे यंत्र थोरेन्स कंपनीच्या टीडी १५० चे आणि पुढे ग्लासगोच्या लिन कंपनीच्या एलपी१२ या टर्नटेबलचे पूर्वज ठरले.

गंमत अशी की, या मऊ स्प्रिंगांची स्वतःची वारंवारता तीन-चार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्या सेकंदाला तीन-चार वेळा डोलतात, आणि लाकडी जमिनीवर चालणाऱ्या माणसाच्या पावलांचे हादरेही जवळपास तेवढेच संथ. त्यामुळे कोणी खोलीतून गेले की सुई उडे. ब्रिटनमध्ये टर्नटेबल भिंतीवरच्या फळीवर ठेवण्याचा सल्ला रुजला तो यामुळे. आपल्याकडे सिमेंटच्या स्लॅबवर हा त्रास कमी. जुन्या वाड्यांच्या लाकडी तक्तपोशीवर मात्र तो हमखास जाणवतो.

टेक्निक्स या जपानी कंपनीने १९७० च्या दशकात थेट मोटारीवर फिरणारी थाळी आणून दुसरी वाट धरली, आणि १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलमध्ये जड रबर-अॅल्युमिनियमच्या बैठकीवर भर दिला. अशा यंत्राखाली जड लादी आणि तिच्याखाली मऊ आधार ही घरगुती रचना शोभते, पण हिशेब चुकवून चालत नाही. लादीसह सगळ्या वजनाने स्प्रिंग एक सेंटिमीटर दबली तर तिची वारंवारता पाच हर्ट्झ येते, अडीच सेंटिमीटर दबली तर तीनच्या आसपास. आणि त्याच्या सुमारे दीडपटीच्या वरचेच हादरे अडतात. टोनआर्म व कार्ट्रिजची जोडी आठ ते बारा हर्ट्झला स्वतःच डोलते, म्हणून नेमके दहा हर्ट्झला डोलणारे रबरी पाय नसलेले बरे.