एका ‘एत’ची किंमत

बायबलमध्ये काइनने हाबेलला मारल्यावर देव त्याला म्हणतो, तुझ्या भावाचं रक्त जमिनीतून माझ्याकडे आक्रोश करतंय. मराठीत रक्ताचं अनेकवचन होत नाही, त्यामुळे अनुवाद वाचताना काही खटकत नाही. मूळ हिब्रूत मात्र ‘दाम’ नसून अनेकवचनी ‘दमे’ आहे. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या मौखिक धर्मनियमांच्या संग्रहात, हा शब्द थेट न्यायालयात येतो. देहदंडाच्या खटल्यात साक्षीदाराला आधी बजावलं जाई: पैशाच्या दाव्यात चुकलास तर पैसे भरून सुटशील, इथे मरणाऱ्याचं रक्त आणि त्याच्या न जन्मलेल्या वंशजांचंही रक्त तुझ्या माथी. आधार एवढाच, की शब्द अनेकवचनी आहे. तिथेच दुसरा अर्थही नोंदवलाय: रक्त झाडांवर, दगडांवर उडालं होतं, म्हणून अनेकवचन. दोन्ही शेजारी शेजारी नांदतात, कुणी कुणाला खोडत नाही.

पण व्याकरणाचा किती बारीक कण अर्थ वाहू शकतो? यावरचा वाद जुना आहे. हिब्रूत ‘एत’ हा कर्मापूर्वी येणारा शब्द. आपल्या ‘ला’सारखा, स्वतःचा अर्थ नसलेला. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, शिमोन हा-अम्सोनी यांची गोष्ट येते. तोरामधल्या (बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांमधल्या) प्रत्येक ‘एत’मधून ते काही ना काही अधिक अर्थ काढत. ‘तुझा देव परमेश्वर याचं भय धर’ या वाक्याशी आले आणि थांबले. देवाच्या जोडीला आणखी कुणाचं भय धरायचं? शिष्यांनी विचारलं, मग आजवर काढलेल्या अर्थांचं काय? ते म्हणाले, अर्थ लावण्याचं पुण्य मिळालं, तसं माघार घेण्याचंही मिळेल. मला ही माघार फार आवडते. पुढे रब्बी (ज्यू धर्मगुरू) अकिवा यांनी तोही ‘एत’ सोडवला: विद्वानांचंही भय धरावं.

अकिवा आणि रब्बी इश्माएल हे दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातले. तोरामधल्या ‘गणना’ या ग्रंथात पाप्याबद्दल ‘हिक्कारेत तिक्कारेत’ असं येतं, एकाच धातूची दोन रूपं. अकिवा म्हणतात, पहिलं रूप म्हणजे इहलोकी उच्छेद, दुसरं म्हणजे परलोकी. इश्माएल विचारतात, आधीच्या वचनात हाच धातू आणखी एकदा आलाय, मग काय तीन लोक आहेत? त्यांच्या मते तोरा माणसांच्या भाषेत बोलते. आपण ‘येणार म्हणजे येणारच’ म्हणतो तेव्हा दोनदा यायचं नसतं, तसंच.

मधल्या शतकांत व्याकरण शास्त्र म्हणून उभं राहिलं. दहाव्या शतकाच्या अखेरीस कोर्दोबात यहूदा हय्यूज यांनी हिब्रू धातू तीन अक्षरांचे असतात हे मांडलं, आणि शब्द फोडून पाहण्याची रीतच बदलली. बाराव्या शतकातले अब्राहम इब्न एझ्रा याच परंपरेतले. दहा आज्ञा दोन ठिकाणी येतात. शब्बाथबद्दल, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाबद्दल, एकीकडे ‘झाखोर’ (आठवण ठेव), दुसरीकडे ‘शामोर’ (पाळ). तालमूद सांगतं, दोन्ही शब्द एकाच उच्चारात निघाले. इब्न एझ्रा म्हणतात, शब्द देहासारखे, अर्थ आत्म्यासारखा. अर्थ टिकला तर शब्द बदलल्याने बिघडत नाही.

एकोणिसाव्या शतकात हा वाद तापला, कारण आता प्राचीन रब्बींची विश्वासार्हता पणाला लागली होती. १८४४ मध्ये ब्राउनश्वाइगला सुधारणावादी रब्बींची परिषद भरली. त्या काळात एक टीका जोरात होती: जुन्या रब्बींना साधं व्याकरण कळत नव्हतं, त्यांनी अर्थ ओढूनताणून काढले. रब्बी मलबिम (१८०९–१८७९) यांनी त्याला उत्तर म्हणून १८६० मध्ये बुखारेस्टला तोरामधल्या ‘लेवीय’ या ग्रंथावरचं भाष्य छापलं. सुरुवातीला भाषेचे ६१३ नियम, तोराच्या आज्ञा तेवढ्याच. हिब्रूत समानार्थी शब्द नाहीत, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या मते ‘सिमखा’ म्हणजे टिकून राहणारा आनंद आणि ‘गील’ म्हणजे नव्या घटनेने उसळणारा. स्तोत्रात हे दोन शब्द लागोपाठ आले, की इब्न एझ्रा ‘कवीने तेच दोनदा म्हटलंय’ म्हणून पुढे गेले असते.