जीटीओ आणि भूस्थिर कक्षा: ‘उपग्रह कक्षेत पोहोचला’ म्हणजे नेमका कुठे?

दळणवळण उपग्रह उडाला की तासाभरात बातमी येते: ‘उपग्रह यशस्वीपणे कक्षेत दाखल’. बातमी खरी असते, पण ती ज्या कक्षेबद्दल बोलते तिथे उपग्रह काम करणारच नसतो. रॉकेट त्याला सोडतं जीटीओमध्ये, म्हणजे भूस्थिर हस्तांतरण कक्षेत. पुढची पंधरा वर्षं तो राबणार असतो जीईओमध्ये, म्हणजे भूस्थिर कक्षेत. नावं इतकी सारखी की बातम्यांत दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. मला हे खटकतं, कारण या दोन कक्षांमधल्या प्रवासातच उपग्रहाचं निम्मं भवितव्य ठरतं.

भूस्थिर कक्षा समजायला सोपी. विषुववृत्ताच्या बरोबर वर, 35,786 किलोमीटर उंचीवर, वर्तुळाकार. इथे एक फेरी 23 तास 56 मिनिटांत होते आणि पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे जमिनीवरून पाहिलं तर उपग्रह आकाशात एकाच जागी खिळलेला दिसतो. डिश एकदा त्याच्याकडे वळवून पक्की केली की पुन्हा हलवावी लागत नाही.

जीटीओचं सगळंच वेगळं. ती लांबट, लंबवर्तुळाकार असते: एक टोक पृथ्वीपासून जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटरवर, दुसरं टोक 36 हजारांच्या आसपास. एक फेरी साडेदहा तासांची. उपग्रह खालच्या टोकाला सेकंदाला 10 किलोमीटरहून जास्त वेगाने सुसाटतो आणि वर पोहोचेपर्यंत त्याचा वेग 1.6 किलोमीटरवर येतो. शिवाय प्रत्येक फेरीत दोनदा तो किरणोत्सर्गाच्या पट्ट्यांमधून जातो. अशा कक्षेतून कुणाच्या घरी टीव्ही दिसणार नाही की कुठल्या विमानात इंटरनेट चालणार नाही.

गोंधळाचं मूळ इथे आहे. जीटीओच्या वरच्या टोकाला उपग्रह भूस्थिर कक्षेच्या उंचीला टेकलेला असतो. मग पोहोचलाच की! पण नाही. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला गेला म्हणून तिथे थांबत नाही, तसाच हाही परत खाली येतो. त्या उंचीवर टिकून राहायला सेकंदाला 3.07 किलोमीटर वेग लागतो आणि त्याच्याकडे असतो जवळपास त्याच्या निम्मा. उंची मिळाली, वेग मिळाला नाही. उरलेला वेग उपग्रहाला स्वतःच्या इंजिनाने कमवावा लागतो आणि तोही वरच्या टोकाशी असताना. तिथे इंजिन पेटवलं की कक्षेचं खालचं टोक वर सरकतं. इस्रोच्या उपग्रहांवर यासाठी 440 न्यूटनची द्रवइंधन मोटर असते. चार-पाच टनांच्या यंत्रापुढे हे बळ किरकोळ, म्हणून ती एकूण काही तास पेटवावी लागते. हे काम सहसा तीन-चार टप्प्यांत करतात. प्रत्येक टप्प्यानंतर कर्नाटकातल्या हासन इथल्या मुख्य नियंत्रण केंद्रात नवी कक्षा मोजली जाते, मगच पुढचं प्रज्वलन.

वेगाबरोबर कलही दुरुस्त करावा लागतो. भूस्थिर कक्षा विषुववृत्ताच्या पातळीत असते, पण रॉकेट जिथून उडतं त्या जागेच्या अक्षांशानुसार जीटीओ तिरकी होते. फ्रेंच गियानातलं कुरू विषुववृत्तापासून फक्त 5 अंशांवर आहे. तिथून निघालेल्या उपग्रहाला भूस्थिर होण्यासाठी सेकंदाला सुमारे 1,500 मीटर वेगबदल पुरतो. फ्लोरिडातलं केप कॅनव्हेरल साडेअठ्ठावीस अंशांवर, तिथून सुमारे 1,800 मीटर लागतात. ऐकायला फरक छोटा, पण रासायनिक इंधनाचा ढोबळ हिशेब मांडला तर दर हजार किलोमागे कुरूहून 380 किलोच्या आसपास आणि कॅनव्हेरलहून 440 किलोच्या आसपास इंधन याच प्रवासात जळतं.

म्हणजे ‘जीटीओ’ ही एकच ठरलेली कक्षासुद्धा नव्हे. 3 डिसेंबर 2013 रोजी स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटने एसईएस-8 हा उपग्रह सोडला तेव्हा कक्षेचं वरचं टोक मुद्दाम 80,000 किलोमीटरवर नेलं होतं. जितकं उंच तितका वेग कमी, आणि वेग कमी असताना कल सुधारणं स्वस्त पडतं. रॉकेटने थोडं जास्त काम केलं की उपग्रहाचं इंधन वाचतं, आणि वाचलेलं इंधन म्हणजे भूस्थिर कक्षेत आपली जागा धरून ठेवण्याची वाढीव वर्षं.

जबाबदारीचा प्रश्नही याच सीमारेषेवर येतो. व्यावसायिक प्रक्षेपणात रॉकेट कंपनीचं काम साधारणपणे जीटीओमध्ये उपग्रह वेगळा झाला की संपतं. 19 नोव्हेंबर 2024 रोजी फाल्कन 9 ने भारताचा 4,700 किलोचा दळणवळण उपग्रह जीसॅट-एन2 अर्ध्या तासाहून थोड्या जास्त वेळात सोडून दिला आणि पुढचा सगळा भार हासनच्या केंद्रावर आला. पुढे काय बिघडू शकतं ते जीसॅट-6ए ने दाखवलं. 29 मार्च 2018 ला इस्रोच्या जीएसएलव्ही रॉकेटने त्याला अचूक सोडलं, कक्षा उंचावण्याची दोन प्रज्वलनं नीट झाली आणि मग संपर्कच तुटला. दिशादर्शनाचा एनव्हीएस-02 तर जानेवारी 2025 मध्ये श्रीहरिकोटाच्या शंभराव्या उड्डाणातून गेला. प्रक्षेपण निर्दोष, पण इंजिनाला ऑक्सिडायझर (इंधन जाळायला लागणारं रसायन) पुरवणाऱ्या झडपा उघडल्याच नाहीत आणि तो लंबवर्तुळातच अडकला. दोन्ही वेळा ‘प्रक्षेपण यशस्वी’ हा मथळा बरोबर होता.

अशा संकटातून सुटका झाल्याचीही उदाहरणं आहेत आणि मला ती फार मोलाची वाटतात. अमेरिकेचा लष्करी दळणवळण उपग्रह एईएचएफ-1 ऑगस्ट 2010 मध्ये उडाला आणि त्याचं मुख्य इंजिन चाललंच नाही. अभियंत्यांनी छोट्या थ्रस्टरांनी, म्हणजे लहान इंजिनांनी, आणि नंतर विद्युत थ्रस्टरांनी त्याला तसूतसू वर चढवत चौदा महिन्यांनी जागेवर नेलं. एशियासॅट-3 ची गोष्ट उलटी: डिसेंबर 1997 मध्ये दगा दिला तो रॉकेटच्या वरच्या टप्प्याने. कक्षा 51 अंशांनी तिरकी राहिली. विम्याच्या लेखी उपग्रह गेलाच होता, पण 1998 मध्ये त्याला दोनदा चंद्राजवळून फिरवून आणला आणि चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाने तो कल बराच कमी केला.

आता तर काही उपग्रह रासायनिक इंजिनाशिवायच निघतात. मार्च 2015 मध्ये फाल्कन 9 वरून गेलेले एबीएस-3ए आणि युटेलसॅट 115 वेस्ट बी पूर्णपणे विद्युत थ्रस्टरांवर चढले. वजन खूप वाचलं, पण जागेवर पोहोचायला महिने लागले आणि तोवर कमाई शून्य. दुसरा मार्ग म्हणजे रॉकेटनेच भूस्थिर कक्षेच्या जवळ नेऊन सोडायचं. 2023 मध्ये फाल्कन हेवीने व्हायासॅट-3 च्या पहिल्या उपग्रहासाठी ते केलं, पण त्या उड्डाणात तिन्ही बूस्टर गमवावे लागले, एकही परत उतरवता आला नाही.

म्हणून रॉकेटची क्षमता वाचताना आकडा कुठल्या कक्षेचा आहे ते आधी पाहावं. इस्रोच्या एलव्हीएम3 रॉकेटची ‘चार टन’ ही क्षमता जीटीओची आहे, म्हणूनच 4,700 किलोच्या जीसॅट-एन2 साठी परदेशी रॉकेट घ्यावं लागलं. आणि जीटीओत सोडलेल्या त्या चार टनांपैकी, रासायनिक इंजिन असेल तर, भूस्थिर कक्षेत पोहोचतात साधारण सव्वादोन ते अडीच टन.