शिवालिकच्या कपीचा दंड

नरवानर गणातील कपी आणि माकड यांच्यातील फरक सांगताना आपण आधी शेपटीचा उल्लेख करतो, कारण गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि माणूस यांपैकी कोणालाच ती नसते. शरीररचनेचे अभ्यासक याखेरीज रुंद व चपटी छाती, पाठीवर सरकलेले खांद्याचे फरे, कोणत्याही दिशेला वळणारा हात आणि आखूड कंबर हीही कपींची लक्षणे मानतात. ही सारी लक्षणे फांदीला लोंबकळण्यासाठी इतकी सोयीची आहेत की ती एकत्रच आली असावीत, असे वाटणे स्वाभाविक आहे. जीवाश्म मात्र तसे सांगत नाहीत.

केनियातील व्हिक्टोरिया सरोवरातल्या रुसिंगा बेटावर १९४८ मध्ये मेरी लीकी यांना सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याची कवटी मिळाली. तेव्हा प्रोकॉन्सल म्हटला गेलेला हा प्राणी २०१५ पासून एकेम्बो या नावाने ओळखला जातो. त्याचे दात कपींचे आहेत आणि माकडहाडाकडील भागावरून त्याला शेपटी नव्हती असे दिसते. पण त्याची छाती अरुंद, कंबर लांब आणि हातपाय जवळजवळ सारख्या लांबीचे होते. तो फांदीखाली लोंबकळत नसे, तर माकडासारखा फांदीवरून चार पायांनी चालत असे. म्हणजे शेपटी आधी गेली आणि बाकीचे शरीर फार नंतर बदलले.

याहून अधिक विचार करायला लावणारा पुरावा आपल्या उपखंडातला आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांच्या थरांतून मिळालेल्या जबड्याच्या तुकड्यांवरून रामापिथेकस हा प्राचीन प्राणी माणसाचा पूर्वज ठरवला गेला होता आणि १९६० च्या दशकात हे मत बरेच मान्यही होते. पुढे पाकिस्तानातील पोटवार पठारावर शिवापिथेकस या प्राचीन कपीचा बराचसा अखंड चेहरा सापडला. पुरामानवशास्त्रज्ञ डेव्हिड पिलबीम यांनी १९८२ मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा उंच नेत्रखोबण्या, डोळ्यांमधले अरुंद अंतर आणि आत वळलेला चेहरा पाहून तो ओरांगउटानचा आप्त आहे हे जवळपास सर्वांना पटले. रामापिथेकसचे अवशेषही शिवापिथेकसमध्येच समाविष्ट झाले आणि मानवाचा पूर्वज म्हणून असलेले त्याचे स्थान गेले.

तथापि १९९० मध्ये शिवापिथेकसच्या दंडाच्या हाडांचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि हे नाते पुन्हा अवघड झाले. त्याचे कोपर कपीचे होते, पण खांद्याजवळ हाड वाकलेले होते, जसे चार पायांवर चालणाऱ्या माकडांचे असते. ओरांगउटानचे तसे नसते. मग चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा की दंडावर? चेहऱ्यातील साम्य इतक्या बारकाव्यांत आहे की ते निव्वळ योगायोगाने आले असे म्हणणे मला पटत नाही. ते खरे आप्तत्व मानले, तर लोंबकळणारा खांदा ओरांगउटानच्या वंशात आणि आफ्रिकी कपींच्या वंशात वेगवेगळा घडला, असे स्वीकारावे लागते. स्पेनमधील सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा पिएरोलापिथेकस हा कपीही याच दिशेने बोट दाखवतो, कारण त्याची छाती आजच्या मोठ्या कपींसारखी रुंद असली, तरी बोटे लोंबकळण्याजोगी लांब नव्हती.