सॉफ्टवेअर बदलताना गाणं कुठे अडतं : डीएडब्ल्यू बदलण्यामागचा इतिहास

जुलै 2002 मध्ये ॲपलने इमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली. इमॅजिकचं लॉजिक हे गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करण्याचं सॉफ्टवेअर, म्हणजेच डीएडब्ल्यू (डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन), तेव्हा मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालत होतं. कंपनीच्या उत्पन्नातला 65 टक्क्यांहून जास्त वाटा मॅकचा असल्याचं ॲपलने सांगितलं आणि त्याच वेळी विंडोजची आवृत्ती 30 सप्टेंबरनंतर बंद होईल, असंही जाहीर केलं. विंडोजवर लॉजिक वापरणाऱ्यांपुढे दोनच वाटा उरल्या : नवा मॅक घ्यायचा, नाहीतर क्यूबेससारखं दुसरं डीएडब्ल्यू शिकायचं. वर्षानुवर्षं जमवलेले प्रोजेक्ट मात्र दुसऱ्या कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे उघडणार नव्हते.

डीएडब्ल्यू बदलण्याची चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा आवडीनिवडीवर येते. एबलटन लाइव्ह बरं की एफएल स्टुडिओ, रीपर स्वस्त की प्रो टूल्स भारी, वगैरे. इतिहास पाहिला तर माझं मत वेगळं बनतं. सर्वांत जास्त त्रासाची स्थलांतरं कंपन्यांच्या मालकीबदलातून झाली, आणि अशा वेळी वाचलं तेवढंच, जे सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या खुल्या फाइलमध्ये होतं.

अशी पहिली सामायिक गोष्ट म्हणजे मिडी, म्हणजे वाद्यांनी आणि संगणकांनी एकमेकांना सुरांच्या सूचना पाठवण्याची ठरलेली भाषा. जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्य-उद्योगाच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल आणि रोलंड या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एकाच केबलने जोडून वाजवून दाखवले गेले. 1985 च्या अटारी एसटी संगणकाला तर मिडीची पोर्टं आतच होती. त्यावर हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गचं क्यूबेस आलं आणि सी-लॅबचं नोटेटरही आलं. नोटेटर बनवणारे पुढे इमॅजिकमध्ये गेले आणि तिथे लॉजिक घडलं. वाद्यं एकमेकांशी बोलू लागली, पण सिक्वेन्सरच्या, म्हणजे हे सूर नोंदवून वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, फाइली ज्याच्या त्याच्याच राहिल्या. 1988 मध्ये स्टँडर्ड मिडी फाइल मान्य झाली तेव्हा कुठे एका सॉफ्टवेअरमधले सूर दुसऱ्यात नेता येऊ लागले.

त्या फाइलचा आराखडा मुख्यतः डेव्ह ओपनहाइम यांचा. ते कॅलिफोर्नियातल्या ओपकोड कंपनीचे संस्थापक. याच ओपकोडने 1990 मध्ये स्टुडिओ व्हिजन आणलं. मिडी आणि रेकॉर्ड केलेला आवाज एकाच पडद्यावर, एकाच वेळरेषेवर मांडणारं ते पहिलं व्यावसायिक सॉफ्टवेअर. आजचं प्रत्येक डीएडब्ल्यू त्याच मांडणीवर उभं आहे. 1998 मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सनने ओपकोड घेतली आणि 1999 मध्ये तिचं काम थांबलं. स्टुडिओ व्हिजनवर केलेलं काम अडकलं. त्यातून सहज बाहेर काढता आले ते सूर, आणि तेही ओपकोडच्याच माणसाने आखलेल्या मिडी फाइलमधून. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त चटका लावणारी गोष्ट हीच.

अर्थात मिडी फाइलमध्ये आवाज नसतो. कुठला सूर, कधी, किती जोराने, एवढंच असतं. आपल्याकडच्या संगीत प्रोग्रॅमरांना याचा फटका मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्यात, बसतो. सारंगी किंवा शहनाईच्या पॅचवर पिच बेंड (सूर सरकवणाऱ्या चाकाची मर्यादा) 12 सेमीटोनला, म्हणजे अर्ध्या सुरांना, ठेवून बांधलेली मींड दुसरीकडे नेली आणि तिथल्या वाद्याचं बेंड नेहमीप्रमाणे 2 सेमीटोनवर असलं, तर तीच फाइल बेसूर वाजते. फाइलमध्ये चाक किती फिरवलं हे असतं. त्याने सूर किती सरकेल हे वाद्याच्या सेटिंगवर ठरतं.

आवाजाच्या बाजूला वेव्ह फाइल 1991 पासून होती. 1997 मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने तिच्यात वेळेची नोंद ठेवण्याची सोय केली, त्यामुळे तुकडा मूळ जागी परत बसवता येऊ लागला. एडिटिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अविडकडून ओएमएफ हा तुकड्यांची मांडणी नेणारा फाइल-प्रकार आला आणि त्यानंतर एएएफ. सिनेमाच्या एडिटकडून साउंडच्या टेबलावर काम येतं ते आजही बहुधा एएएफनेच. त्यात तुकडे, त्यांच्या जागा, फेड आणि लेव्हल जातात. प्लगइनची, म्हणजे डीएडब्ल्यूला जोडायच्या वाद्यांच्या आणि इफेक्टच्या छोट्या सॉफ्टवेअरची, सेटिंग जात नाहीत.

प्लगइनच्या वेगवेगळ्या प्रकारांनी तर गुंता आणखी वाढवला. स्टाइनबर्गचं व्हीएसटी 1996 चं, ॲपलचं ऑडिओ युनिट्स वेगळं, प्रो टूल्सचं एएएक्स 2011 चं. एकाच रिव्हर्बचे (आवाजाला घुमारा देणाऱ्या प्लगइनचे) हे तीन अवतार. म्हणून सॉफ्टवेअर बदलणारा माणूस अजूनही जुन्या वाटेनेच जातो : प्रत्येक ट्रॅक पहिल्या बारपासून बाउन्स करायचा, म्हणजे आवाजाची फाइल बनवायची, स्टेम्स (एकत्र केलेल्या ट्रॅकच्या गटांच्या फाइली) काढायचे, टेंपो लिहून ठेवायचा. एवढं करूनही पॅन लॉ, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे सरकवताना त्याची पातळी ठरवणारा नियम, वेगळा निघाला तर मिक्सचा तोल हलतो.

कंपनी मिटण्याचा प्रकार 2017 मध्ये पुन्हा घडला, आणि मालक पुन्हा गिब्सनच. केकवॉक हे डीएडब्ल्यू 1987 पासून पीसीवर होतं, पुढे त्याचं नाव सोनार झालं आणि कंपनीचं नाव केकवॉक. 2013 मध्ये गिब्सनने ही कंपनी रोलंडकडून घेतली. 2016 मध्ये केकवॉकने सोनार प्लॅटिनमच्या ग्राहकांना आयुष्यभर अपडेट देण्याचं कबूल केलं आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गिब्सनने विकास थांबवल्याचं जाहीर केलं. ग्राहकांचा संताप मला पूर्णपणे रास्त वाटतो. अनेकांनी त्याच हिवाळ्यात स्टुडिओ वन, क्यूबेस, रीपर गाठलं. फेब्रुवारी 2018 मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने केकवॉक घेतलं आणि काही आठवड्यांत ते मोफत दिलं, त्यामुळे ते प्रोजेक्ट तरले. ओपकोडच्या वेळी असं कोणी आलं नव्हतं.

सबंध प्रोजेक्ट उचलून नेण्याचा गंभीर प्रयत्न व्हायला 2023 उजाडलं. बिटविग आणि प्रीसोनस या डीएडब्ल्यू बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून डीएडब्ल्यूप्रोजेक्ट हा खुला फाइल-प्रकार आणला. ती साधी झिप फाइल. आत एक्सएमएल या मजकुराच्या प्रकारात ट्रॅक, क्लिप, सूर, टेंपो, ऑटोमेशन (आवाज-पातळी वगैरेंचे नोंदवलेले बदल) आणि प्लगइनची स्थितीसुद्धा. 2024 च्या क्यूबेस 14 ने ती स्वीकारली, हे मला मोठं पाऊल वाटतं, कारण स्टाइनबर्गला आपले ग्राहक अडकवून ठेवणं सहज शक्य होतं. मर्यादा अजून आहेत. प्लगइन दोन्हीकडे बसवलेलं असावं लागतं. सॉफ्टवेअरच्या अंगभूत साधनांपैकी ईक्यू, कॉम्प्रेसर, गेट, लिमिटर यांच्यासाठी त्यात सामायिक वर्णन आहे. अंगभूत सिंथ आणि सॅम्पलरचे ट्रॅक मात्र आजही बाउन्स करूनच न्यावे लागतात.