क्लोरीन, वेणी अन् आप्पांचे हिरवे केस

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरीला स्विमिंग टँकवर लावलं, अन् दीड महिन्यात तिच्या वेणीचा पार कडबा झाला. हातात धरली की करकर करायची, फणीत तुकडे यायचे, तेबी मुळासकट नाही, मधूनच तुटलेले. आज्जी म्हणली नजर लागली. मी म्हणलं नजर नाही, टीसीएल लागलं.

गावात विहिरीत टाकतात ना टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टँकमध्ये तीच नाहीतर तिची भावंडं टाकतात. पाण्यात गेलं की त्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, जंतू मारतं ते हेच. एका लिटरला 1 ते 3 मिलीग्रॅम क्लोरीन, बस एवढंच, पण त्याला जंतू कोणता अन् केस कोणता हे थोडंच कळतं. केसावर माशासारखे खवले असतात अन् त्यावर एकदम पातळ असा स्निग्ध लेप, केस मऊ लागतो तो त्याच्यामुळं. क्लोरीन आधी हा लेप खातं, मग आतले केराटिन नावाच्या प्रथिनाचे धागे बांधून ठेवणारे गंधकाचे बंध तोडायला लागतं. 1916 मध्ये फॉन अलवर्डेन या संशोधकानं लोकरीचा धागा क्लोरीनच्या पाण्यात ठेवला तर खवल्यांवर चक्क फोड आलेले दिसले. ते पाणी टँकपेक्षा लई कडक होतं म्हणा, पण लोकर अन् आपला केस एकाच प्रथिनाचे.

आता खरी गोष्ट अशी की जे करायचं ते टँकमध्ये उतरायच्या आधी. कोरडा केस स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांच्या आसपास पाणी पितो, मग ते पहिलं पाणी साधं का पाजू नये? डोक्यावर बादली ओतायची, केस पोट भरून बसला की टँकचं पाणी कमी घेतो. त्यावर थोडं खोबरेल. मुंबईतल्या दोन संशोधकांचा 2003 चा अभ्यास आहे (तेलाच्याच कंपनीतले होते ते, हे लक्षात ठेवून वाचा), त्यात खोबरेलानं केसातलं प्रथिन कमी वाया गेलं, सूर्यफुलाच्या तेलानं तसं काही झालं नाही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल सरळ अन् छोटं, ते आत शिरतं. आपल्याकडचं करडईचं तेल भाजीला झकास, पण ते बरंचसं सूर्यफुलाच्याच जातीचं. वरून सिलिकॉनची टोपी, पाणी आत येतंच, पण कमी.

बाहेर आलं की लगेच केस धुवायचे, घरी जाऊन बघू म्हणायचं नाही. व्हिटॅमिन सीची 500 मिलीग्रॅमची गोळी लिटरभर पाण्यात विरघळवून ते डोक्यावर ओतलं तर उरलंसुरलं क्लोरीन तिथंच मरतं.

अन् आप्पांचं सांगायचं राहिलं. नातीसोबत तेबी जायला लागले अन् पांढरे केस हिरवट झाले, सगळे म्हणायले क्लोरीनमुळं. क्लोरीन नाही ओ, तांबं! शेवाळ येऊ नये म्हणून काही ठिकाणी पाण्यात मोरचूद (तांब्याचाच क्षार) टाकतात, तेच मोरचूद जे आपण मोसंबीच्या बुडाला बोर्डो पेस्टमध्ये लावतो. तांबं केसाला चिकटतं, काळ्या केसात दिसत नाही, पांढऱ्यात लपत नाही. ईडीटीएवाला शाम्पू आणला, ते तांब्याला धरून बाहेर काढतं, तीन-चार धुण्यात रंग उतरला.

आप्पा परत टँकवर जायलेत, टोपी घालायच्या आधी नात त्यांच्या डोक्यावर बादली ओतते अन् ते रोज म्हणतात, "अगं, पाण्यातच तर जायलोय!"